मदत हवी आहे: जांबोटीकडच्या कौलारू घराला पन्हळ कोणता लावावा? परसात फणस, घरात आई एकटी

जांबोटीची लेक:

नमस्कार मंडळी. परवा वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि रात्री आईचा फोन आला, "परसाच्या भिंतीतनं परत पाणी यायलंय गं." मृगाला जेमतेम तीन आठवडे आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

मी बेळगावात वडगावला राहते. माहेरचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या थोडं अलीकडे. मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, दुपाखी छप्पर. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि आईची खोली, त्यामागं परसू. परसात आजोबांनी लावलेला फणस आहे आणि त्याच्या दोन फांद्या थेट मागच्या पाख्यावर आल्यात.

बेळगावातल्या पावसावरून आमच्याकडच्या पावसाचा अंदाज येत नाही. समुद्र लांब असला तरी घाट चढून आलेले ढग पहिले आमच्याच अंगावर रिकामे होतात. जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं, ट्रंकेतल्या साड्यांना वास येतो, चपलांवर बुरशी चढते. म्हणजे हवा कोकणातलीच, फक्त खारा वारा नाही.

चार वर्षांपूर्वी एका फॅब्रिकेटरकडून दोन्ही बाजूंना जीआय पत्र्याचं (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं) गटर बसवून घेतलं. (आई त्याला पन्हळच म्हणते, मीही तेच लिहीन.) पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा पन्हळ मधोमध वाकला आणि पाणी भिंतीकडच्या कडेवरून आत पडायला लागलं. तिसऱ्या वर्षी जोडाशी गंजून भोकं पडली. गेल्या आषाढात एका रात्री पन्हळ धरणाऱ्या चार पट्ट्या वाशातून उपटून सगळा पन्हळ खाली आला. आईची न्हाणीकडं जायची वाट तिथूनच आहे. ती त्या वेळी आत होती म्हणून वाचली. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

मध्यंतरी ओल थांबावी म्हणून आतून सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफ रंग दिला. सहा महिन्यांत फुगून पोपडे निघाले.

मापं: घराची लांबी ११ मीटर. प्रत्येक पाखं आडव्या मापानं वळचणीसकट साधारण ५ मीटर. जुना पन्हळ सहा इंच रुंद, पाच इंच खोल होता. एका टोकाला तीन इंची एकच पाईप. पट्ट्या चार-चार फुटांवर.

विचारायचं आहे ते हे. पत्रा, पीव्हीसी की अॅल्युमिनियम? दुसरं, आई ७४ वर्षांची आहे आणि शिडीवर चढते. मी नको म्हटलं तरी चढते, कारण पन्हळात पाला तुंबला की पाणी तिच्याच उशाशी येतं. तिला चढावं लागू नये, असं काही करता येईल का? मला दर रविवारी जाणं जमतंच असं नाही. खर्चाची तयारी पंचवीस हजारांपर्यंत आहे.

लोंढ्याचा रहिवासी:

जीआय नकोच. पीव्हीसी लावा, वर जाळी टाका, विषय संपला.

जांबोटीची लेक:

जाळी तिसऱ्या वर्षी लावून बघितली होती दादा. फणसाचं पान रुंद आणि जाड. भिजलं की जाळीवर पालथं चिकटून बसतं आणि पाणी त्याच्यावरून घसरून थेट खाली पडतं. बारीक कचरा तेवढा आत जाऊन कुजतो, वर जाळी असल्यामुळं तो काढताही येत नाही. पुढच्या बाजूला झाड नाही, तिथं चालेल कदाचित.

उद्यमबागवाला:

अक्का, मी पत्र्याच्या कामात वीस वर्षं आहे. तुमची मापं वाचून सांगतो, तुमचा पन्हळ गंजानं पडला नाही. गंज नंतर आला.

आधी पाण्याचा हिशेब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं एक पाखं ५५ चौरस मीटर. तुमच्याकडं सर येते तेव्हा काही मिनिटं तरी तासाला १०० मिलिमीटरचा वेग धरून चालायला पाहिजे. म्हणजे तासाला साडेपाच हजार लिटर, सेकंदाला दीड. दर दहा सेकंदाला पंधरा लिटरची एक बादली समजा. हे सगळं एका टोकाच्या एका तीन इंची पाईपातनं जायचं, त्यात तोंडाशी पानं. जाणार कसं?

पाणी गेलं नाही की पन्हळ भरतो. सहा बाय पाच इंचाचा ११ मीटर पन्हळ काठोकाठ भरला तर पाणीच दोनशे किलोच्या वर होतं. चार फुटांवरच्या पट्ट्या आणि जुने वासे ते पेलणार नाहीत. आधी मधोमध झोल पडतो, झोलात पाणी साठून राहतं, पाला कुजतो आणि तिथला जस्ताचा थर पहिला जातो. जोडाशी पत्रा कापलेला असतो, त्या कडेला तर जस्त नसतंच.

म्हणून मटेरियल कुठलंही घ्या, चार गोष्टी धरून ठेवा. ढाळ मीटरला ५ मिलिमीटर, आणि मध्य उंच ठेवून दोन्ही टोकांना. एकाच बाजूला दिलात तर ११ मीटरला साडेपाच सेंटिमीटर उतार होतो, तो दिसतो आणि खालच्या टोकाला कौलाचं पाणी पन्हळाला चुकवून पुढं पडतं. दोन्हीकडं वाटला की पावणेतीनच सेंटिमीटर. टोकाला एकेक चार इंची पाईप. पट्ट्या दोन फुटांवर, खिळ्यानं नाही, स्क्रूनं, आणि वाशाचं टोक कुजलं असेल तर आधी ते बदलून. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात: पन्हळाची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा बोटभर खाली पाहिजे. कधी ना कधी तो भरून वाहणारच. वाहिला तर अंगणात वाहू दे, भिंतीवर नको.

कौलाचं टोक पन्हळात दोन इंच आलेलं असावं. जास्त आलं तर हात घालून साफ करता येत नाही, कमी पडलं तर वाऱ्यानं पाणी मागं ओढलं जातं.

सदाशिवगडची माहेरवाशीण:

ताई, मी कारवारकडची, आता शहापूरला असते. आमचं माहेर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, तिथं जीआयचं नावच काढत नाहीत. खारा वारा जस्त खाऊन टाकतो. आमच्याकडं आता अॅल्युमिनियम आहे. ते गंजत नाही, पण त्याचीही पथ्यं आहेत. तांब्याला लागू द्यायचं नाही, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणारी वीजवाहकाची तांब्याची पट्टी पन्हळावरून न्यायची नाही. ओलं सिमेंट किंवा चुना त्यावर सांडला तर लगेच धुवायचं, नाहीतर डाग खोल जातात. आणि लोखंडी स्क्रू वापरले की पहिल्यांदा स्क्रूच गंजतात. खाऱ्या वाऱ्यात साधं ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टीलही तांबूस डागाळतं, म्हणून भावानं ३१६ घेतले. तुमच्याकडं मीठ नाही, ३०४ पुरे होतील.

पीव्हीसी घेतलंत तर एक लक्षात असू द्या, ते उन्हानं लांबतं. माघातली पहाट आणि चैत्रातली दुपार यांत ११ मीटरचा पन्हळ जवळजवळ दोन सेंटिमीटर कमीजास्त होतो. आमच्या शेजाऱ्यांनी सगळे जोड सोल्यूशननं चिकटवून टाकले, दुसऱ्या उन्हाळ्यात कोपरा तडकला. रबराच्या रिंगवाले जोड घ्यायचे आणि आत थोडी जागा सोडायची.

आणि तुमच्या आईंना सांगा, पन्हळातल्या पाल्यात उघडा हात घालू नका. आमच्याकडं इंगळी निघाली होती.

जांबोटीची लेक:

उद्यमबागवाले दादा, दोनशे किलो वाचून अंगावर काटा आला. त्या फॅब्रिकेटरनं ढाळ दिलाच नव्हता, वळचणीच्या फळीला समांतर ठोकला होता. दिसायला अगदी सरळ होता म्हणून आम्हीही खूश होतो.

ताई, इंगळीचं आईला सांगितलं. ती म्हणाली, तिला दोनदा दिसलीय. मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या बाजूचा निर्णय झाला, अॅल्युमिनियम आणि दोन्हीकडं ढाळ. मागचं कळत नाही. कितीही चांगला बसवला तरी फणस आहेच. फणस पानझडी नाही, बारा महिने थोडा थोडा पाला टाकतो. एकदा साफ केला आणि झालं, असं होत नाही. झाड तोडायचं नाही, हे आधीच सांगते.

कणकुंबीकडचा:

आक्का, एक विचारू? मागं पन्हळ पाहिजेच कशाला?

आमचं घर मलप्रभा उगवते त्या गावाजवळ, तुमच्यापेक्षा पाऊस जास्तच. आमच्या आजाच्या घराला कुठंच पन्हळ नव्हता. फक्त दाराच्या वर पोफळीचं चिरलेलं खोड टांगलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पागोळ्या पडू नयेत म्हणून. बाकी सगळीकडं वळचण लांब आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर दगडी पाट. भिंतीला ओल नव्हती.

तुमची मागची वळचण किती बाहेर आहे ते मोजा. दीड फूट असेल तर कौलाच्या खालून रंगीत पत्रा सरकवून अडीच फुटांपर्यंत न्या. पागोळ्यांच्या बरोबर खाली फूटभर रुंद, फूटभर खोल पाट काढा. तळाला सिमेंट, विहिरीकडं किंवा माडाच्या आळ्याकडं उतार, आणि वर मुठीएवढी खडी. पाणी मातीवर पडलं की उडून भिंतीचा खालचा दीड फूट सतत भिजवतं, तीच तुमची ओल. खडीवर पडलं की उडत नाही, झिरपून खाली वाहतं. फणसाचं पान पडलं तर खडीवर दिसतं, खराट्यानं ओढायचं. शिडी नको.

तिरक्या पावसासाठी पश्चिमेच्या अंगाला पूर्वी झावळ्या बांधायचे, आता हिरवी नेट मिळते. वाशापासून पाटापर्यंत ताणून बांधा, चतुर्थीनंतर काढा.

आणि तो सिमेंटचा गिलावा खरवडून काढा. मातीत रचलेली भिंत ओल पिते आणि सोडते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि रंग फुगतो. चुन्याचा गिलावा करा, पण भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतर. आत्ता घाई करू नका.

जांबोटीची लेक:

कणकुंबीकडचे दादा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय सांगायलेय? पाट होताच की तिथं." खरंच होता. न्हाणीचं काम केलं तेव्हा आम्हीच बुजवून वर कोबा केला होता. मला आठवतही नव्हतं.

या रविवारी जाऊन वळचण मोजते. माझी एक शंका, पाटात पाणी साचून डास होतील का? गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत डेंगीचे दोन पेशंट होते.

कणकुंबीकडचा:

उतार असेल तर साचत नाही. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पाटात पाणी दिसलं तर समजा उतार चुकला. तुमच्या झोल पडलेल्या वरच्या पन्हळात जास्त डास झाले असणार, ते दिसत नव्हते एवढंच.

उद्यमबागवाला:

कणकुंबीवाल्यांचं पटलं. माझं काम पत्रा विकायचं, तरी मागं पन्हळ लावू नका असंच मी म्हणतो. पुढचा मात्र लावाच, सोप्यात माणसांची ये-जा असते. पाईपाचं पाणी जोत्यापासून पाच-सहा फूट तरी लांब सोडा, आणि खालच्या वळणावर झाकण असलेला जोड घ्या. तुंबलं की तिथून उघडून काढता येतं. काम झाल्यावर पैसे देण्याआधी मधोमध नळी धरून दहा मिनिटं पाणी सोडा. आणि वीज मंडळाची वायर वळचणीखालून येत असेल तर शिडी लावायच्या आधी लाईन बंद करून घ्या.

जांबोटीची लेक:

काम झालं, कळवते. मागची वळचण एक फूट आठ इंच निघाली. पत्रा सरकवून अडीच फूट केली. कोबा फोडल्यावर खाली जुना दगडी पाट जसाच्या तसा सापडला, फक्त मातीनं भरलेला. गवंड्यानं उतार तपासला, तो विहिरीकडंच होता. नवीन काही बांधावं लागलं नाही, साफ करून खडी तेवढी टाकली. दोन वाशांची टोकं कुजली होती ती बदलली. पुढच्या बाजूला अॅल्युमिनियम, मध्य उंच, पट्ट्या दोन फुटांवर, दोन चार इंची पाईप. दहा मिनिटं नळी धरली. डाव्या कोपऱ्यातल्या जोडातून थेंब पडत होते, बसवणाऱ्यानं ते तिथल्या तिथं खोलून रबर बदललं. सगळं मिळून एकवीस हजार आठशे.

काल रात्री रोहिणीचा पाऊस झाला. सकाळी आईचा फोन, पाटातलं पाणी रात्रीच गेलं होतं, भिंत खालून कोरडी आहे, वरच्या अंगाला अजून जुनी ओल दिसते. ती वाळेपर्यंत गिलाव्याला हात लावत नाही. शिडी मी बेळगावला घेऊन आलेय.