हलगी वाजवणाऱ्या भावाला कंपनीचा फोन आलाय, सही करू द्यावी का?

मागावरची_ताई

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहिते पण वाचा आणि खरं सांगा. माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर हाय, रात्रपाळी. दहा-बारा वर्षाचा असल्यापासनं हलगी वाजवतो, आजोबांकडनं शिकला, क्लास नाही की काही नाही. वरात असो, जयंती असो, जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान असो, सुपारी आली की पाळी बदलून जातो. मागच्या महिन्यात मोहोळकडं एका मैदानात शेवटच्या कुस्तीला त्यानं वाजवलेलं कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि इन्स्टाला टाकलं, दहा दिवसात चार लाखांवर लोकांनी बघितलं. त्यात त्याचं नाव कुठंच नाही ओ, "गावाकडची हलगी" एवढंच. आता तोच आवाज लोकं आपापल्या रीलला लावायलेत, कुणी ट्रॅक्टरच्या, कुणी बैलाच्या, आणि माझा भाऊ सकाळी पाळीवरनं आला की चहा पीत पीत ते बघत बसतो.

परवा एका कंपनीच्या माणसाचा फोन आला, गाणं काढू, पंधरा हजार देतो, कागदावर सही करा. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय, चार पानं, सगळा इंग्लिश. भाऊ म्हणायलाय करून टाकू, महिनाभर मागावर उभा राहून मिळतंय ते एका दिवसात मिळायलंय. मला धाकधूक वाटायली. आणि स्वतःच रेकॉर्ड करायचं म्हणलं तर घरात मोबाईलवर पत्रा बडवल्यासारखं येतंय, हलगीसारखं येतच नाही.

होटगी_रोड

ताई, घ्या पैसे. नाव घेऊन काय पोट भरतंय का? माझे काका बेंजो पार्टीत तीस वर्षं वाजवायचे, त्यांना कुणी कंपनीनं साधा फोन पण केला नाही. पंधरा हजार कमी नाहीत.

बार्शीकर_काका

होटगी रोड, पैशाचं तुझं बरोबर हाय रे, पण नावाचं नाही पटलं.

मी पोरवयात दर जत्रेला कुस्त्या बघायला जायचो. मैदानातली हलगी वेगळी असते, ती वरातीसारखी एका चालीत चालत नाही. दोन पैलवान हात धरून नुसते फिरत असतील तर हलगीवाला दबकत वाजवतो, डाव पडायची वेळ आली की लय चढवत नेतो आणि पाठ लागली की एकदम कडकडाट. म्हणजे त्याला कुस्ती कळावी लागते, पैलवानाच्या खांद्याकडं बघून पुढचा ठोका ठरवावा लागतो. जोडीला खर्जाचं घुमकं आणि झांजेसारखं कैताळ असतं, पण पुढं नेणारी हलगी. हे कुठल्या स्टुडिओत शिकवत नाहीत. आणि तरीपण मैदानाच्या पत्रिकेवर पैलवानाचं नाव, वस्तादाचं नाव, देणगी देणाऱ्याचं सुद्धा नाव असतं, हलगीवाल्याचं मी आजवर एकदाही वाचलं नाही. लोक नुसतं "ए हलगी" म्हणून हाक मारतात. हे मला फार लागतं.

आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. पेशवाईतला शाहीर राम जोशी सोलापूरचाच, पुराणिकाच्या घरातला पोरगा तमाशाच्या नादी लागला म्हणून भावानं घराबाहेर काढला. अमर शेख आमच्या बार्शीचे, कष्टकऱ्यांतनं वर आले. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, त्यांचा आवाज आजपण पंढरपूरच्या रस्त्यावर दर दुसऱ्या दुकानात लागलेला असतो. गळ्याला निदान नाव मिळालं, वाजवणाऱ्याला तेवढं पण मिळत नाही. पोराला सांगा, नावाशिवाय सही नको.

कोर्टकचेरी

ताई, कागदात "परपेच्युअल" किंवा "इन परपेच्युइटी" असा शब्द आहे का बघा आधी. त्याचा अर्थ कायमचं, तुमच्या भावाच्या नातवंडांपर्यंत.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात वाजवणारा सुद्धा परफॉर्मर धरलाय. कलम ३८ प्रमाणे त्याच्या वादनावर त्याचा ५० वर्षं हक्क राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ३८बी आलं, त्यात वाजवणारा म्हणून आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे. हक्क लिहून देताना कुठले देतोय, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि मोबदला किती हे सगळं कागदात लागतं. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात, भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या कायमचं आणि जगभर असं मुद्दाम लिहून घेतात. पंधरा हजार घ्या की, पण एकाच गाण्यापुरते, तीन-पाच वर्षांपुरते, आणि नाव कसं लागणार ते कागदात घालून. फोनवर "होईल ओ ते" म्हणाले तर सही करू नका. शेवटचा कागद इथल्या एखाद्या वकिलाला दाखवाच, मी लांबून सांगतोय.

आणि ज्यानं तो व्हिडिओ टाकला त्याला मेसेज करा. इन्स्टावर ओरिजिनल ऑडिओ टाकणाऱ्याच्या नावानं दिसतो, पण ऑडिओचं नाव एकदा बदलता येतं. भावाचं नाव घाल म्हणावं, बहुतेक लोक घालतात, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

साउंडवाला

पत्र्यासारखं का येतंय सांगतो. हलगीचा ठोका एकदम फुटतो, मोबाईल तो झेपत नाही म्हणून आवाज आपोआप दाबतो, परत वर आणतो, त्यात ठोक्याचं टोकच कापलं जातं. त्यात घरात फरशी आणि पत्रा, म्हणजे घुमणार. उघड्यावर जा, शक्यतो सकाळी लवकर, वारा नसताना. साधा हँडी रेकॉर्डर भाड्यानं मिळतो, तो दहा-बारा फूट लांब ठेवा, लेव्हल इतकी खाली की जोराच्या ठोक्याला पण मायनस बारा डेसिबलच्या वर जाऊ नये. घुमकं रेकॉर्डरच्या जरा जवळ, त्याचा खर्ज लांबनं येत नाही, कैताळ सगळ्यात मागं.

कातड्याची हलगी असेल तर तीच वापरा, फायबरची नको. फायबर पावसात चालते, तापवावी लागत नाही, सुपारीला बरी पडते, पण कातडं जाळावर तापवून ताणल्यावर जो आवाज निघतो तो तिच्यात नाही. जाळ बाजूला चालू ठेवा, दर दोन-तीन टेकनंतर परत तापवा.

रेकॉर्डर माझ्याकडं हाय, रविवारी मोकळा हाय, भाडं नको.

मागावरची_ताई

सगळ्यांचे लई आभार. कागदात तो शब्द हाय, तिसऱ्या पानावर. भावानं त्या माणसाला फोन करून तीन वर्षं आणि नाव एवढंच मागितलं, तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, अजून फोन नाही. भाऊ थोडा नाराज हाय, खोटं कशाला सांगू.

पण रविवारी सकाळी आम्ही गावाकडच्या तालमीमागं रेकॉर्ड केलं. साउंडवाले दादा सहाला हजर. व्हिडिओखाली कुणाकुणाची नावं घालायची म्हणून घुमकंवाल्या तात्यांना विचारलं, तात्या तुमचं नाव कसं लिहू. ते साठीच्या पुढचे हायत, चाळीस वर्षं ताफ्यात वाजवायलेत. जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग वडलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, आणि मी टाईप केल्यावर मोबाईल हातात घेऊन नातवाकडनं दोनदा वाचून घेतलं.