लव्हबर्ड ओळखायला कडं ठीक, पण मादीला कागद देऊन बघा

लव्हबर्ड म्हणजे छोटे पाळीव पोपट. त्यांच्या फिशर आणि पीचफेस या दोन जाती कशा ओळखायच्या, यावर कोणीतरी लिहिलंय की डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर फिशर, नसेल तर पीचफेस. ते बरोबरच. रंगावरून ओळखायला जाऊ नये, हल्ली पिवळे-निळे दोन्हींत मिळतात. पण खरी गंमत घरटं बांधताना दिसते. मादीला वर्तमानपत्राचा कागद द्या. दोघीही चोचीने त्याच्या लांब, सरळ पट्ट्या कापतात. पुढे फिशरची मादी एकेक पट्टी चोचीत धरून नेते. पीचफेस मात्र चार-पाच पट्ट्या पाठीमागच्या पिसांत खोचते आणि उडते. निम्म्या वाटेत गळतात, तरी तिची सवय तीच!

जागा वाचवायला या दोन जातींना एकाच पिंजऱ्यात ठेवून जोडी लावा, हा त्यांचाच सल्ला मात्र मला पटला नाही. पीचफेस आफ्रिकेतल्या नामिबियाकडच्या कोरड्या मुलखातला, फिशर उत्तर टांझानियाचा. निसर्गात गाठ पडत नाही, पिंजऱ्यात पडते. संकर होतो, पण ती पिल्लं पुढे वांझ निघतात. अमेरिकेत विल्यम डिल्गर या पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी असाच संकर करून पाहिला होता, १९६२ मध्ये त्यावर लेखही आला. त्या पिल्लांना धड खोचताही येईना आणि चोचीत धरून न्यायचंही सुचेना. पट्टी खोचायची, पण सोडायचीच नाही, नाहीतर भलत्याच जागी खोचायची. चोचीतून नेणं जमायला त्यांना दोन-तीन वर्षं लागली, आणि तेव्हाही नेण्याआधी मान मागे वळायचीच. त्यापेक्षा दोन पिंजरे घ्या.