मदत हवी आहे: छत्तिसाव्या वर्षी गणित पुन्हा शिकायचंय, कुठून धरू?

पट्टीवाली:

नमस्कार. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात लिहायला आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या करते. किती रवे (गुळाच्या ढेपा) आले, वजन किती, सौदा काय दराने निघाला, त्यातून हमाली-तोलाई जाऊन हातात किती. तोंडी हिशोबाला मी कच्ची नाही. वडिलांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी घोकून घेतली होती, समोरच्याने कॅल्क्युलेटर काढेपर्यंत माझं उत्तर तयार असतं. पण ‘क्ष’ दिसला की हात गार पडतात. २००५ च्या मार्चला दहावीत गणितातच गेले. ऑक्टोबरला काठावर निघाले. अकरावी कॉमर्सला ‘गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)’ असं विचारलं तेव्हा समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत एसपी म्हणून मोकळी झाले. बारावी झाली, लग्न झालं, विषय संपला.

आता झालंय असं, की मागच्या महिन्यात एका संध्याकाळी रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च) १८० रुपयांनी जुळेना. दोन तास एकेक ओळ तपासत बसले. आमचे म्हातारे दिवाणजी चहा पिता पिता म्हणाले, “नवानं भाग जातोय का बघ. जातोय न्हवं? मग आकडा उलटा पडलाय कुठंतरी.” आणि खरंच, ४,६८० च्या जागी मी ४,८६० लिहिले होते. मी विचारलं, नवानंच का? म्हणाले, “ते तसंच असतंय बाई.”

तसंच का असतंय, हे तेव्हापासून डोक्यातून जाईना. त्यात दुसरा घोळ. बेरजेला मी नवाचा ताळा करते, म्हणजे प्रत्येक आकड्याचे अंक मिळवत एका अंकावर आणून बेरीज पडताळते, वडिलांचीच सवय. पण उलटा पडलेला आकडा ताळ्यात सापडत नाही, ताळा बरोबरच येतो. म्हणजे एकीकडे नऊ चूक पकडून देतो आणि दुसरीकडे तोच नऊ चूक लपवतो. हे काय आहे?

मुलाच्या फोनवर दहावीचं गणित भाग १ उतरवून घेतलं. पहिलं प्रकरण, दोन चलांची समीकरणं, दोन पट्ट्यांचा हिशोब समजून रेटलं. वर्गसमीकरणांत ‘अवयव पाडा’ आलं आणि गाडी रुतली. एका क्लासमध्ये विचारायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न, “मुलगा कितवीत आहे?” मलाच शिकायचंय म्हटल्यावर आतून सर आले, बोलले चांगलं, पण वर्षाची फी माझे तीन पगार आणि बॅच दुपारची. माझा पगार ११ हजार आहे. मिस्टर रिक्षा चालवतात. गणितासाठी महिन्याला दोनशे-अडीचशे निघतील, त्यावर नाही. वेळ पहाटे पाच ते सहा, तोही सीझन सोडून. दिवाळीनंतर गूळ सुरू झाला की घरी यायलाच नऊ वाजतात.

तर कितवीच्या पुस्तकापासून सुरू करू? पुढेमागे बारावीचं गणित देता येईल का? आणि कृपा करून ‘कशाला’ हे विचारू नका. घरात ते विचारायला चार माणसं आहेत.

शिरोलीकर:

ताई, विचारू नका म्हणालात तरी विचारतो, राग मानू नका. मी एमआयडीसीत मशिनवर आहे, पैशाची ओढाताण मला ठाऊक आहे. पहाटेचा तास टॅली, जीएसटीला दिलात तर पगार वाढेल. अवयव पाडून कुणाचं घर चाललंय?

पट्टीवाली:

टॅली येतंय दादा, त्याच्यावरच काम करते. पगार त्याने वाढायचा होता तेवढा वाढला. माझ्याबरोबरच्या बायका पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात, त्यांना कुणी ‘किती पगार वाढला’ विचारत नाही.

निवृत्त मास्तर:

ताईंचा प्रश्न वाचून दोनदा चष्मा पुसला. कागल तालुक्यात आयुष्यभर गणित शिकवलं, पण ‘नऊ पकडतोही आणि लपवतोही’ असं एकाही पोराने विचारलं नाही. (पोरांना दोष कशाला, मीही कधी तसं शिकवलं नाही.)

आधी दिवाणजींचं नऊ. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी अ आणि ब लिहितो. दशकात अ, एककात ब असेल तर ती संख्या १०अ + ब. तुम्ही आकडे उलटे टाकले की १०ब + अ. मोठ्यातून लहान वजा करा: १०अ − अ राहतात ९अ, आणि ब − १०ब म्हणजे उणे ९ब. मिळून ९(अ − ब). झालं. अ आणि ब काहीही घ्या, नऊ बाहेर येणारच. तुमच्या चुकीत ६ आणि ८ ची अदलाबदल शतक-दशकात झाली, म्हणून ९ च्या जागी ९०, आणि आकड्यांतला फरक २. नव्वद दुणे एकशे ऐंशी. तुम्ही ज्याला घाबरता तो क्ष एवढंच करतो, सगळ्या आकड्यांची गोष्ट एकदाच सांगतो. दिवाणजींनी शेकडो चुका बघून जे ओळखलं, ते इथे एका ओळीत बसलं.

आता ताळा. ४,६८० मधून तिच्या अंकांची बेरीज १८ काढा, उरतात ४,६६२, त्याला नवाने भाग जातो. कुठल्याही संख्येचं असंच होतं, कारण १०, १००, १००० यांतून एकेक काढला की ९, ९९, ९९९ उरतात. म्हणून नवाने भागून जी बाकी उरते ती फक्त अंकांच्या बेरजेवर ठरते. अंक उलटेपालटे केले तरी बेरीज तीच, बाकी तीच. ताळ्याला बाकीच तेवढी दिसते, म्हणून तो फसतो. आणि दोन संख्यांची बाकी एकच असेल तर त्यांच्या फरकातून ती उडून जाते, म्हणून फरकाला नवाने भाग जातो. तुमची दोन्ही कोडी एकाच कारणाची आहेत.

आणि पुस्तक आठवीचं घ्या, दहावीचं नको. आठवीत आधी विस्तार सूत्रे आहेत आणि मग अवयव. तुम्ही जिना सोडून थेट माडीवर उडी मारली, म्हणून पाय मुरगळला. ‘सूट व कमिशन’ नावाचं प्रकरणही त्यात आहे, ते तुम्ही सोडवू नका, मुलाला शिकवा.

खतावणी:

मास्तरांचं सगळं बरोबर, पण इचलकरंजीत हिशोब लिहून केस पांढरे केलेत म्हणून एक भर. आकडा उलटा पडला तर फरकाला नवाने भाग जातो, हे शंभर टक्के. पण नवाने भाग गेला म्हणजे आकडा उलटाच पडलाय, असं मात्र नाही. शून्य जास्त पडलं तरी तेच होतं: ४५० चे ४,५०० झाले तर फरक ४,०५०, म्हणजे नऊ गुणिले ४५०. आणि ४५० ची नोंद अख्खी राहून गेली तरी फरकाला नवाने भाग जातोच, कारण ४५० ला जातो. मी एकदा उलटा आकडा शोधत रात्रीचे अकरा वाजवलेत. पावती टेबलाच्या खणात होती.

निवृत्त मास्तर:

वा! ताई, हे खतावणींचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘असं असेल तर तसं’ आणि ‘तसं असेल तर असं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. भूमितीत प्रमेय आणि त्याचा व्यत्यास म्हणतात ते हेच.

जुना बाक:

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात आहे, परीक्षेचं सांगतो. बारावी पास माणसाला एखादाच विषय नव्याने देता येतो, फॉर्मवर त्याला ‘आयसोलेटेड’ म्हणतात. फॉर्म कनिष्ठ महाविद्यालयामार्फत बोर्डाला जातो. त्यासाठी फॉर्म नंबर १७ च्या मागे लागू नका, तो बाहेरून पहिल्यांदा दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा. गणिताचे दोन वेगळे विषय आहेत, एक कला व विज्ञानचा, दुसरा वाणिज्यचा. दोन्हींना लेखी ८० आणि बाकी २० गुण कॉलेजकडे, म्हणून ओळखीचं कॉलेज धरलेलं बरं. वाणिज्यच्या भाग २ मध्ये पहिलंच प्रकरण कमिशन, दलाली आणि सूट आहे, मार्केट यार्डातल्या माणसाला हसू येईल. पण पुढे गणितातच पदवी करायचा विचार असेल तर कला-विज्ञानचं घ्या. फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचे नियम ऑफिसात येऊन वाचा, फोनवर विचारू नका. फोनवर आम्ही नीट सांगत नाही, खरं तेच सांगतो.

राजारामपुरी सातवी गल्ली:

ताई, मी चाळिशीत बी.ए. केलं, त्यामुळे खर्चाचं मला विचारा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात हे तुम्हाला माहीत आहेच, पण फोनवर गणित होत नाही, डोळे जातात आणि मधेच रील लागतं. जूनच्या आधी रद्दीवाल्याकडे आठवी-नववीची पुस्तकं किलोवर मिळतात. मागे उत्तरं आहेत का तेवढं बघून घ्या, कुणीतरी शेवटची पानं फाडलेली असतात. खान अकॅडमीवर मराठीत फुकट शिकता येतं, पण आधी स्वतः अडायचं आणि मग बघायचं. उलटं केलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही कोरी राहते. करवीर नगर वाचन मंदिरातही एकदा चक्कर मारा, १८५० सालचं वाचनालय आहे, जुनं काहीतरी हाताला लागेलच. आणि रविवारी सकाळी टाऊन हॉलच्या बागेत मी असते. गणित मला येत नाही, पण शेजारी वही घेऊन बसायला माणूस लागतं.

निवृत्त मास्तर:

आठवीला कंटाळा आला तर मधल्या वेळेचा खेळ. देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही की विद्यापीठात खुर्ची नाही, पण १९४९ साली त्यांनी ६१७४ ची गंमत शोधली आणि ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच (तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून). जास्तीत जास्त सात वेळा, ६१७४ येणारच. तुम्ही आकडे उलटे टाकण्यात तरबेज आहातच.

पट्टीवाली:

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे आभार. शिरोलीकर दादा, तुमचेही, राग नाही.

कापरेकरांच्या खेळाला मी २००५ घेतलं, नापास झाले ते साल. ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात वेळा लागली. माझं सालसुद्धा शेवटपर्यंत लांबवणारंच निघालं! आणि मधल्या प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो हे बघून आता दचकले नाही. अंक तेच, बेरीज तीच.

आठवीचं पुस्तक रद्दीत मिळालं, पंधरा रुपयांना. विस्तार सूत्रे झाली. कमिशनचं प्रकरण मुलाला शिकवायला घेतलं, तर तो म्हणाला, “आई, तू पायऱ्या लिहीतच नाहीस, उत्तरच सांगतेस.” दहावीला माझे मार्क कुठे गेले ते कळलं.

परवा रोजमेळात १९८ चा फरक आला. मी आधीच वहीत तीन अंकी आकडा उलटा करून बघितला होता: १००अ + १०ब + क मधून १००क + १०ब + अ काढलं, मधला ब आपोआप गेला आणि ९९(अ − क) उरलं. १९८ म्हणजे ९९ दुणे. खतावणींचं लक्षात होतं, म्हणून आधी राहिलेली पावती शोधली, नव्हती. मग शतकाच्या आणि एककाच्या अंकात दोनाचा फरक असलेले आकडे तेवढेच बघत गेले. ७,३५१ चे ७,१५३ झाले होते. दहा मिनिटं लागली. दिवाणजींना वही दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “ह्ये अ, ब, क कुणाचं खातं हाय?”

मास्तर, आता अवयवांत अडलेय. बेरीज आणि गुणाकार दिला की दोन संख्या हुडकायच्या, त्या मला तोंडी लगेच सापडतात, पण गुणाकार उणे आला की चिन्हं चुकतात. इथेच विचारू की नवा धागा काढू?