मदत हवी आहे: बुलेट 350 (कास्ट आयर्न), पिस्टन कुठला आणि बोअर किती?

मंडळी, जुन्या बुलेटचं इंजिन (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 70 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 90 मिमी) घरीच बांधतोय. कॉम्प्रेशन जरा वाढवायचंय, बाकी उद्योग नाहीत. ब्लॉक पार झिजलाय. बोअर गेजने वरच्या कडेखाली पुढून-मागे 70.31, आडवं 70.22, तळाशी 70.08. म्हणजे 0.50 ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा 0.50 मिमी मोठा पिस्टन) पर्याय नाही.

हाताशी दोन पिस्टन आहेत, एक साधा कास्ट (ओतीव), एक फोर्ज्ड (घडीव). शिक्का दोन्हींवर 0.50 चाच. गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनची खालची भिंत) खालच्या अंगाला मायक्रोमीटर लावला तर कास्ट 70.44 आणि फोर्ज्ड 70.46. (मापं रात्री घेतली, दोन्ही पिस्टन ब्लॉकशेजारी ठेवून. दुपारी गॅलरीत तापलेला पिस्टन मापण्यात अर्थ नाही, 10 अंशांना तो साधारण 0.015 मिमी फुगतो.)

कुर्ल्यातला टर्नर म्हणतो, "पिस्टन कशाला आणताय? पन्नासचा शिक्का आहे ना, सत्तर पन्नास मारून देतो." कास्टला ते चालेलही, क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) 0.06 उरतो. पण फोर्ज्डला उरणार 0.04, आणि एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तो हमखास जाम होणार. माझ्या मते पिस्टन मापून त्यात क्लिअरन्स मिळवायचा, मगच बोअर. फोर्ज्डला 0.08 ठेवू की 0.10? खोक्यावर मिश्रधातू लिहिलेला नाही. 4032 असेल तर सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास, कमी फुगतो. 2618 मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच, त्याला जास्त ढील लागते. घरी ओळखायची काही युक्ती?

दुसरी अडचण उंचीची. पिन दोन्हींची सारखी, पण पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंत फोर्ज्ड 1.5 मिमी उंच आहे. कास्टची उंची जुन्या पिस्टनइतकीच. जुना पिस्टन टीडीसीला (धावेच्या अगदी वरच्या टोकाला) आणून सिरिंजने तेल भरलं तर 56 सीसी बसलं. 70.50 बोअरला 351 सीसी धरले तर कॉम्प्रेशन रेशो 7.3 च्या आसपास. फोर्ज्डने जवळपास 6 सीसी कमी होऊन 8 होतो. पेट्रोलला 8 काहीच नाही, धास्ती उंच पिस्टन व्हॉल्व्हला आपटण्याची आहे. पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळायची माती लावून मधली फट बघणार आहे. इनलेट आणि एक्झॉस्टला निदान किती फट सोडता? कमी पडली तर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालावं की माथा खरवडावा?

फोर्ज्ड वजनालाही भारी आहे. क्रँक उघडलेलीच आहे, तेव्हा बॅलन्सिंग करूनच घ्यावं का?

आणि परळ ते कुर्ला पट्ट्यात मशीनवर होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासणी) करणारं, पिस्टन समोर ठेवून बोअर मारणारं कुणी असेल तर कृपया सांगा.