गोल्डनरॉड बिचारा उगाच बदनाम

बरेच जण म्हणतात की सप्टेंबर आला, गोल्डनरॉड हे रानझाड पिवळंधमक फुललं की ॲलर्जीच्या शिंका सुरू. अहो, त्याचा दोष नाही हो! त्याचे परागकण जड नि चिकट असतात, मधमाश्यांच्या अंगाला चिकटून जातात, हवेत फारसे उडतच नाहीत. खरा चोर रॅगवीड नावाचं तण, ते त्याच दिवसांत फुलतं पण फुलं हिरवट आणि बारकी, कुणाचं लक्षच जात नाही, मग आळ येतो दिसणाऱ्यावर.

आमच्याकडे न्यू जर्सीत घरामागच्या ओढ्याकाठी सध्या ज्युएलवीड हे रानझाड भरपूर आहे. केशरी फुलं, त्यावर लालसर ठिपके, मागे वाकडी शेपटी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हा तर आपला तेरडा, आणि निघाला खरंच तेरड्याचाच भाऊबंद, दोघांचं शास्त्रीय घराणं एकच, इम्पेशन्स. पिकलेली शेंग नुसती बोटात धरली की फट्कन फुटते, साली गुंडाळतात आणि बिया उडतात, लेकीला तर आता दुसरा खेळच सुचत नाही. बी मिळाली तर नखाने वरचं तपकिरी साल खरवडून बघा, आत चक्क आकाशी निळा रंग! मला तीन वर्षं हे माहीतच नव्हतं.

बाकी बागेत टोमॅटो आता लाल व्हायला फार वेळ घेतायत, हिरव्यांचीच चटणी करतेय. कढीपत्त्याची कुंडी मात्र रात्री पन्नास फॅरनहाइटच्या खाली जायच्या आत घरात घेते, गेल्या वर्षी आळस केला तर सगळी पानं गळली.