छळात आनंद कसला? मत्तय ५ आणि आमच्या काकूचं दळण

नवापूरकर:
रविवारी आमच्या पाळकांनी बायबलच्या मत्तय पुस्तकातल्या, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर संदेश दिला. माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील, छळ करतील, तेव्हा उल्हास करा, असं येशू सांगतो. मंडळीत माझी काकू बसली होती. पावसाळ्यापासून तिला गावानं वाळीत टाकलंय. गिरणीवाला दळण घेत नाही, शेजारच्या लग्नाचं बोलावणं नाही. पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन ती दुसऱ्या गावी जाते आणि वाटेनं मावचीत, म्हणजे आमच्या आदिवासी बोलीत, भजनं म्हणते. खरंच म्हणते, एकदा मी तिच्या मागून चाललोय. माझं मत: हा आनंद खरा आहे, पण पाळकांनी तो तिच्याकडे मागू नये.

धुळ्याची लेक:
उल्हास करा म्हणणाऱ्याचं पीठ घरात तयार असतं. मीही चर्चमध्येच वाढले, 'सोस, मुकुट मिळेल' हे लहानपणापासून ऐकतेय. काकूच्या गाण्यानं मंडळी डोळे पुसते, पण तिचं दळण आणायला कोणी मोटारसायकल काढत नाही. आणि दादा, तुम्ही मागून चालत होतात ना? मग पाटी कोणाच्या डोक्यावर होती?

तापीकाठचा:
मी हिंदू, अमळनेरचा. छळ हा शब्द जरा जपून वापरा. वाघदेव, याहामोगी माता ही तिकडच्या आदिवासींची दैवतं. वाघदेवाची वर्गणी द्यायची नाही, याहामोगी मातेच्या जत्रेला यायचं नाही, आणि गाव तुटलं म्हणून रडायचं. आपलं माणूस पंगतीतून उठून गेलं, असं गावालाही वाटत असेलच की. वर तुम्ही आनंदानं गाणार. त्यांना ते चिडवल्यासारखंच वाटणार.

नवापूरकर:
अर्धं मान्य. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही बायबलमधल्या पहिल्या पत्रात बजावलंय की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून दुःख भोगू नका. आमच्यातले काही जण दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवतात, ते मलाही पटत नाही. काकूनं तसं कधी केलं नाही. वर्गणी दिली नाही, हे खरं. पण गावजेवणाची भांडी घासायला ती परवापरवापर्यंत जात होती.
धुळ्याच्या ताई, पाटी तिच्याच डोक्यावर होती. लागलं ते.

खापरावरचे मांडे:
तुमच्या धुळ्याचाच तुरुंग घ्या. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. कैदेत आनंद सापडतो तो असा. पण ही माणसं आत गेली कशामुळे? सरकारपुढे मान तुकवली नाही म्हणून.
येशूचा प्रेषित पौल, त्याचंही तेच. फिलिप्पैच्या तुरुंगात तो आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गाणी गात होते, हे प्रत्येक मंडळीत सांगतात. सकाळी काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, जा आता. पौल अडून बसला: आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारलेत, आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर काढा. आणि ते आले, विनवण्या करत! रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच.
आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. काकूनं तक्रार द्यावी आणि खुशाल गावं.

तापीकाठचा:
पोलीस एक दिवस येतील. काकूला तिथेच म्हातारं व्हायचंय. तक्रार दिली की गाव कायमचं तुटलं.

धुळ्याची लेक:
आते तुटाले ऱ्हायनं काय, भाऊ?

तापीकाठचा:
ऱ्हायनं ना. अजून कोणी तिच्या अंगावर आलेलं नाही. त्या कायद्याची भीती असेलही, पण थोडी लाज पण असेल. ती लाज घालवू नका.

नवापूरकर:
काल काकूला कायद्याचं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, गिरणीवाल्याच्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत मी उशाशी होते, पोलीस नकोत. तू शनिवारी गाडी घेऊन ये. आणि पाळकांना आण, दळण घेऊन त्यांनाच गिरणीत उभं करू.
शनिवारी जातोय. पाळकांना अजून विचारलेलं नाही.