‘कणा’ म्हणताना आवाज नेमका त्याच ओळीला का दाटतो?

गावभागकर, सांगली

नमस्कार. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आमच्या वाचनालयात कवितावाचन आहे आणि माझ्या वाट्याला त्यांची ‘कणा’ आली आहे. पुरात संसार मोडलेला एक माणूस आपल्या जुन्या सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि पाठीवर हात ठेवून नुसते ‘लढ’ म्हणा, एवढेच मागतो, ती ही कविता. शाळेत असताना ही कविता मी पाठांतर स्पर्धेत हातवारे करून म्हटली होती, बक्षीसही मिळवले होते. डोळ्यांत पाणी मात्र आले नव्हते. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आमचा तळमजला पाण्याखाली गेला, आणि पाणी ओसरल्यावर घरातला गाळ आम्ही खराट्याने आणि घमेल्यांनी काढला. तेव्हापासून ही कविता मला एकदाही सलग म्हणता आलेली नाही. नवल असे की, माझा आवाज शेवटच्या ‘लढ’पाशी दाटत नाही. ‘जरा एकटेपणा वाटला’ हे शब्द आले की पुढचे काही उच्चारताच येत नाही. प्रत्येक शब्द पाठ असलेली कविता इतक्या वर्षांनी अशी का अडवते?

निवृत्त शिक्षक, मिरज

ताई, आपण योग्य जागी अडता, असे मला वाटते. तिथपर्यंत तो माणूस स्वतःच्या दुःखाकडे हसून पाहत असतो. घर गेले, चूल विझली, हे सगळे तो एखाद्या पाहुणीची तक्रार सांगावी तसे सांगतो. मग सरांचा हात खिशाकडे जातो. सरांच्या मनात दयाच आहे, त्यात खोट नाही. पण आपण कशासाठी आलो हे सरांनाही उमगलेले नाही, हे त्या क्षणी त्याला कळते आणि इतका वेळ लपवलेले त्याला उघड बोलावे लागते. संपूर्ण कवितेत त्याने स्वतःच्या मनाविषयी सरळ सांगितलेले एवढेच आहे, आणि तेही ‘जरा’ म्हणून.

मी वर्गात ही कविता अनेक वर्षे शिकवली. कोणी ना कोणी विद्यार्थी हमखास विचारायचा, ‘मग सरांनी पाठीवर हात ठेवला का?’ कविता ते सांगत नाही. ती मागणीपाशी थांबते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येऊन पडते. कवितेचे बळ मला याच न लिहिलेल्या उत्तरात दिसते.

नदीकाठचा वाचक, भिलवडी

मला या कवितेविषयी प्रेम आहे, म्हणूनच थोडी कटुता मांडतो. पूर ओसरल्यानंतर आमच्याकडे पंचनामे व्हायचे होते, भिजलेले धान्य उकिरड्यावर पडले होते, आणि अशा वेळी एका फलकावर मोठ्या अक्षरांत याच ओळी लावलेल्या मी पाहिल्या. तेव्हा फार राग आला होता. ‘लढ’ हा शब्द ज्याचे घर वाहून गेले आहे तो माणूस स्वतःहून मागतो. कोरड्या पायांनी उभे असलेल्यांनी त्याला न विचारता ऐकवण्याचा तो शब्द नव्हे. शिवाय तो पैसे नाकारतो ते आपल्या गुरुजींचे, आणि त्यावरून पूरग्रस्ताला हक्काची मदतही नको असते असा अर्थ काढणे हा कवितेवर अन्याय आहे. मागणारा कोण आणि देणारा कोण, ही जागा बदलली की त्याच ओळी दुखावतात.

हरिपूरची लेक, सध्या नाशिक

वरच्या दोन्ही म्हणण्यांशी मी सहमत आहे. भाषेविषयी थोडे सांगते. कुसुमाग्रजांच्या, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांच्या, नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, लोक ‘गंगेवर जाऊन येतो’ असे आजही सहज बोलतात. आपल्याकडे तीच कृष्णामाई, आणि पूर आला की बायका तिची खणानारळाने ओटी भरतात. म्हणून कवितेतली नदी माहेरवाशीण होते तेव्हा आपल्याला तो अलंकार वाटतच नाही. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही ही घरोघरची रीत, आणि त्या रीतीचा आधार घेऊन तो माणूस सर्वस्व गेल्याचे सांगतो! नदीला एक शब्दही दूषण देत नाही. ‘बायको मात्र वाचली’ हे तर इतक्या घाईने येऊन जाते की किती भीती गिळून तो ते बोलला असेल, हे दुसऱ्या वाचनात समजते.

याच कवीच्या, १९४२ च्या ‘विशाखा’तल्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ची भाषा संस्कृतप्रचुर आहे, समुद्राला आव्हान देणारी आहे. ती वाचताना छाती भरून येते. ‘कणा’तला माणूस कुणालाही आव्हान देत नाही, पडकी भिंत बांधतो आणि गाळ उपसतो. मला स्वतःला पूर पाहिल्यानंतर ही दुसरी भाषा अधिक खरी वाटू लागली.

गावभागकर, सांगली

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गाळ काढत होतो त्या दिवसांत माझ्या जुन्या बाई चौकशीला आल्या होत्या. त्यांनीही पर्स उघडली होती आणि मी ‘नको बाई’ म्हणाले होते. पुढचे मागणे मात्र मला तोंडाने मागता आले नव्हते. मिरजेच्या सरांचे वरचे उत्तर वाचताना ते आठवले. आता वाचनात त्या ओळीपाशी आवाज थांबला तर थांबू देईन, आणि शेवटची ओळ व्यासपीठावरून घोषणेसारखी न म्हणता, समोर बाई बसल्या आहेत असे समजून हळू म्हणेन.